संगणकाचे विरजण

आमच्या घरी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, खोलीत २००३ सालचा एक संगणक आहे. पुण्याहून मुद्दाम मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग निवडून तो जुळवून घेतला होता. अण्णांनी आपल्या गावाविषयी वर्षानुवर्षे लिहिलेली टिपणे त्यात आहेत आणि तीही श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. आजच्या यंत्रावर ती फाइल उघडली, तर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. म्हणून तो संगणक आम्ही जपला. गेल्या डिसेंबरपासून मात्र तो सुरू होताना अडू लागला. बटण दाबले की पंखा फिरतो, काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा उमटतो, डिस्क शोधत असल्याची ओळ येते आणि तिथेच सारे थिजते. कधी त्याच्या पुढच्या ओळीवर, तर कधी विंडोजच्या चिन्हाखालची निळी पट्टी सरकू लागल्यावर. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला तो असा सुरू होतो, की जणू काही बिघडलेच नव्हते.

दुरुस्तीसाठी कॅबिनेट उघडून बसलो, तेव्हा त्या ओळी मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश वाचल्या. एरवी त्या पडद्यावरून झरझर निघून जातात. यंत्र अडले म्हणून वाचता आल्या. तेव्हा जाणवले, की यांतली प्रत्येक ओळ वेगवेगळ्या काळात जन्मली आहे. पहिल्या काही सेकंदांत संगणक आपल्या पूर्वजांच्या अवस्थांमधून एकेक करून जातो, आणि तो कुठल्या ओळीवर थांबला हे कळले, की कोणत्या काळाच्या थरात शोधायचे तेही कळते. तेव्हा आपण या ओळींचा माग अगदी पहिल्यापासून काढू या.

मुळातली अडचण आपल्या स्वयंपाकघरातली आहे. दही लावायला विरजण लागते आणि विरजण म्हणजे आधीचे दहीच. संगणकाचेही तसेच. त्याला कोणतेही काम करायला मेमरीत प्रोग्राम लागतो, आणि डिस्कवरचा प्रोग्राम मेमरीत आणणे हेही कामच असल्यामुळे त्यासाठी आधी मेमरीत एक प्रोग्राम हवा. मग सर्वांत पहिला चमचा कोण घालणार? १९४६च्या फेब्रुवारीत जगासमोर आलेल्या एनिअॅक या अमेरिकी यंत्रापुढे हा प्रश्न नव्हता, कारण त्यात प्रोग्राम मेमरीत साठवलाच जात नसे. तारा आणि खटके बदलून यंत्राची जोडणीच नवी करावी लागे. जून १९४८मध्ये मँचेस्टरच्या लहानशा प्रायोगिक यंत्राने प्रोग्राम मेमरीत ठेवून चालवला, पण तो तिथे माणसानेच खटक्यांनी, बिट बिट करून भरला होता.

या प्रश्नाला पहिले नेटके उत्तर मिळाले केंब्रिजमध्ये. मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेल्या एडसॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्राम चालवला. त्याची मेमरी पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांमध्ये ध्वनिलहरींच्या रूपाने फिरत राहणारी. वीज गेली की लहरी विरल्या आणि मेमरी कोरी. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने केवळ ३१ आज्ञांचा एक प्रोग्राम लिहिला आणि तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरत असत तशा, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्विचांवर तारा जोडून कायमचा बसवला. बटण दाबले की स्विच फिरत, त्या ३१ आज्ञा मेमरीत उतरत आणि त्या आज्ञा पुढची कागदी पट्टी वाचू लागत. पट्टीवर माणसाने अक्षरांत लिहिलेल्या सूचनांचे यंत्राच्या द्विमान अंकांत रूपांतरही त्याच करत. ‘प्रारंभिक आज्ञा’ असे त्यांचे साधे नाव होते. त्याच वर्षी व्हीलरने त्यांची सुधारलेली, ४१ आज्ञांची आवृत्ती केली. माझ्या मते संगणकाच्या इतिहासात इतक्या थोड्या जागेत इतके काम क्वचितच कोणी बसवले असेल. आज मदरबोर्डवर नखाएवढी जी चिप असते, तिचा मूळपुरुष म्हणजे केंब्रिजमधले ते फिरते स्विच.

‘बूट’ हा शब्द मात्र समुद्रापलीकडून आला. जर्मनीतल्या लोकप्रिय कथांमधला बॅरन म्युनशहाउझेन दलदलीत फसतो आणि स्वतःचीच शेंडी धरून स्वतःला घोड्यासकट वर ओढतो. ब्युर्गर यांनी १७८६मध्ये छापलेल्या आवृत्तीत हा प्रसंग आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अशाच अशक्य कृतीसाठी, स्वतःच्या बुटाच्या मागचा पट्टा धरून स्वतःला उचलणे, असा वाक्प्रचार रूढ झाला. १९५०च्या दशकाच्या आरंभी आयबीएमच्या ७०१ या यंत्राला ‘लोड’ नावाचे बटण होते. ते दाबले की यंत्र छिद्रित कार्डावरून, चुंबकीय फितीवरून किंवा ड्रमवरून अगदी मोजके शब्द उचले, ते शब्द आणखी काही शब्द उचलत आणि अशी साखळी पुढे जाई. त्या तंत्राला अभियंत्यांनी बुटाच्या पट्ट्याचे नाव दिले. पुढे १९६४मध्ये सिस्टिम ३६० आणताना आयबीएमने स्वतःचा वेगळा, भारदस्त शब्द योजला. तिच्या मोठ्या यंत्रांवर काम करणारे आजही तोच वापरतात. बाकी जगाने बूट धरला. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतही ‘कॉम्प्युटर बूट होत नाही’ हेच वाक्य ऐकू येते.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, जिच्याकडे या इतिहासात फारसे कोणी पाहत नाही. १९५०च्या दशकात फेराइटच्या बारीक कड्यांची चुंबकीय मेमरी आली आणि ती वीज गेल्यावरही विसरत नसे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या आणि १९६०मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या यंत्रातही अशीच कड्यांची मेमरी होती. भारतात रचलेला आणि भारतात बांधलेला हा संगणक. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याचे नामकरण झाले. कड्यांच्या मेमरीत एकदा घातलेले विरजण दुसऱ्या दिवशीही तसेच मिळे. सुरुवातीच्या आज्ञा चुकून पुसल्या गेल्या तरच पुन्हा भराव्या लागत. मग ऑक्टोबर १९७०मध्ये इंटेलची ११०३ ही मेमरी-चिप बाजारात आली. स्वस्त, आटोपशीर, आणि वीज बंद होताच सारे विसरणारी. काही वर्षांत कडी मागे पडली. व्हीलरसमोर उभा असलेला प्रश्न अशा रीतीने पंचवीसेक वर्षांनी, आणि यावेळी सामान्य माणसाच्या टेबलावर, परत आला.

तो कसा परत आला, हे पाहायला आपण १९७५मध्ये जाऊ. जानेवारीच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जुळवायचा संगणक झळकला. त्याला पडदाही नव्हता आणि कळफलकही नव्हता; समोर खटक्यांची रांग आणि दिव्यांच्या दोन ओळी. यंत्र चालू केले की त्याला काहीच ठाऊक नसे. पहिल्या काही आज्ञा माणसाने खटके वर-खाली करून घालायच्या, एक खटका चुकला तर पुन्हा आरंभापासून. पॉल अॅलन आणि बिल गेट्स यांनी या यंत्रासाठी बेसिक ही भाषा लिहिली. प्रत्यक्ष यंत्र त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते. ती दाखवायला अॅलन विमानाने अल्बकर्कीला निघाले आणि वाटेत त्यांच्या लक्षात आले, की कागदी फितीवरची भाषा यंत्रात उतरवणारा तो छोटा प्रोग्राम लिहायचाच राहिला आहे. विमान उतरायच्या आत त्यांनी तो कागदावर लिहून काढला, दुसऱ्या दिवशी खटक्यांनी यंत्रात भरला, फीत वाचली गेली आणि टेलिटाइपने मेमरी किती आहे असा प्रश्न छापला. पुढच्याच वर्षी स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी अॅपल-१मध्ये २५६ बाइटांचा एक प्रोग्राम न पुसणाऱ्या चिपमध्ये बसवला आणि खटक्यांची रांग काढूनच टाकली. याच सुमारास गॅरी किल्डॉल यांनी आपल्या सीपी/एम या प्रणालीत यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढून त्याला बायोस हे नाव दिले. म्हणजे आज आपण ज्याला बायोस म्हणतो, त्याची चिप एका घराण्यातून आली आणि नाव दुसऱ्यातून.

दोन्ही एकत्र आली १२ ऑगस्ट १९८१ रोजी, आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या छोट्या गटाने वर्षभरात हे यंत्र उभे केले, आणि त्याच्या ८ केबीच्या बायोसमध्ये एक नवी शिस्त घातली. यंत्राने काम सुरू करण्याआधी स्वतःची तपासणी करायची: प्रोसेसर, टायमर, मेमरीचा प्रत्येक कोपरा, कळफलक, डिस्क. सारे ठीक असेल, तर एक आखूड बीप. पडदाच चालत नसेल, तर सांगणार कशावर? म्हणून एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डात बिघाड. पडदा असेल, तर आकडे: २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कळफलक, ६०१ फ्लॉपी, १७०१ हार्ड डिस्क. दुरुस्तीचे हे व्याकरण मला फार सुंदर वाटते, कारण यंत्र आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगू लागले ते इथे. बायोस लिहिणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रॅडली यांना चाचण्या करताना यंत्र वारंवार अडल्यामुळे दर वेळी मेमरीच्या लांबलचक तपासणीची वाट पाहावी लागे. तेवढा वेळ वाचावा म्हणून त्यांनी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट या तीन कळांची जुळणी केली. या वाटेने यंत्र पुन्हा सुरू केले, तर मेमरीची तपासणी वगळली जाते. लोकांनी ती पुढे हँग झालेल्या यंत्राला उठवण्यासाठी वापरली. मुळात ती अभियंत्याची आडवाट होती.

आपल्या दुकानांत या तपासणीला एक घरगुती जोड मिळाली. यंत्र लांब लांब बीप देत राहिले, की कारागीर रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी खोडरबर हलक्या हाताने फिरवतो, फुंकर न मारता ब्रशने कण झटकतो आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबतो. पावसाळ्यात दमट हवेने आणि धुळीने या दातांवर पुट चढते, संपर्क तुटक होतो आणि तपासणी मेमरीपाशी अडते. कोकणपट्टीत तर हा जून ते सप्टेंबरचा नेमच. मीही तेच आधी केले. आमचा संगणक बीप एकच, आखूड आणि स्वच्छ देत होता. त्यामुळे १९८१चा थर पार झाला होता.

हे यंत्र अमेरिकेतून लॅमिंग्टन रोडवर कसे पोचले, त्याचे उत्तरही बायोसमध्येच आहे. आयबीएमने बहुतेक भाग बाजारातून घेतलेले, त्यामुळे ते कोणालाही मिळत. खास तिची अशी मालमत्ता म्हणजे बायोस. कंपनीने त्याचा सारा मजकूर तांत्रिक पुस्तकात छापला होता, म्हणजे तो वाचणे सोपे आणि उतरवून घेणे बेकायदा. फेब्रुवारी १९८२मध्ये स्थापन झालेल्या कॉम्पॅकने यातून मार्ग काढला. एका गटाने मूळ बायोस काय काय करतो याची नुसती जंत्री केली आणि दुसऱ्या गटाने, मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या माणसांनी, त्या जंत्रीवरून नवा बायोस लिहिला. १९८४मध्ये फिनिक्स या कंपनीने असाच बायोस तयार करून तो हव्या त्या उत्पादकाला परवान्याने द्यायला सुरुवात केली. पाठोपाठ अवॉर्ड आणि अमेरिकन मेगाट्रेंड्स या कंपन्या आल्या. पुढे तैवानचे मदरबोर्ड जगभर गेले ते याच बायोसवर. भारतातून आयबीएम १९७८मध्येच निघून गेली होती. १९८४च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या नव्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली आणि नव्वदच्या दशकात मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, पुण्याची तपकीर गल्ली सुट्या भागांनी भरून गेली. ‘असेंबल्ड’ संगणकाचे ते युग होते. मध्यमवर्गीय मराठी घरांत पहिला संगणक बहुधा याच वाटेने आला, आणि त्यावर उजळणारे पहिले नाव कॅबिनेटवरच्या नावाऐवजी बायोस लिहिणाऱ्याचे असे.

१९८४मध्येच आयबीएमने पीसी-एटी आणला आणि त्यात घड्याळाची एक चिप घातली. मोटोरोलाच्या त्या चिपमध्ये ६४ बाइटांची चिमुकली मेमरी होती. घड्याळाला लागणारी जागा सोडून उरलेल्यात डिस्क कोणती, मेमरी किती अशा गोष्टी नोंदवलेल्या असत, आणि वीज नसताना ती नोंद एका बॅटरीच्या जोरावर टिकून राही. बॅटरी संपली की पडद्यावर १६१ हा आकडा येई. सुरुवातीच्या काही मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची नळीसारखी बॅटरी थेट डाग देऊन बसवलेली असे. ती काही वर्षांनी गळू लागली, की तिचा क्षार आजूबाजूचा तांब्याचा माग खाऊन टाकी. नंतर नाण्यासारखा ३ व्होल्टचा सीआर-२०३२ सेल सर्वत्र रूढ झाला. आमच्या संगणकाचे घड्याळ प्रत्येक वेळी त्याच्या जन्मवर्षाची १ जानेवारी दाखवत होते, म्हणजे हा सेल मेलेला. तो बदलला, तारीख भरली, डिस्कची नोंद पुन्हा केली. घड्याळ चालू लागले. यंत्र अडतच राहिले.

बायोसचे काम एका ठरलेल्या ठिकाणी संपते. तो डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा मेमरीत एका निश्चित जागी ठेवतो, त्याच्या शेवटी ५५ आणि एए या दोन खुणा आहेत का पाहतो आणि यंत्राचा ताबा त्याच्या हाती देतो. ती जागा ३२ केबी मेमरीच्या शेवटच्या एका केबीच्या आरंभी आहे, कारण १९८१मध्ये डिस्कवरून चालणाऱ्या यंत्रात निदान तेवढी मेमरी असेल असे धरले होते. मार्च १९८३मध्ये हार्ड डिस्कसह पीसी-एक्सटी आला, तेव्हा त्याच तुकड्यात डिस्कच्या चार विभागांचा तक्ता बसवला गेला. बायोस त्या तुकड्यात काय लिहिले आहे ते तपासत नसे. खुणा असल्या की विश्वास ठेवी. या विश्वासातून विषाणू शिरले. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांचा ब्रेन हा विषाणू फ्लॉपीच्या पहिल्या तुकड्यात बसून जगभर फिरला. आणि १९९०मध्ये भारतात सापडलेल्या एका विषाणूचे नाव तर थेट आपल्या ओळखीचे: जोशी. दर ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा, अशी मागणी करी. ती पुरी झाली, की यंत्र मोकळे होई. १९९२च्या ६ मार्चला मायकेलअँजेलो या विषाणूच्या भीतीने जगभर खळबळ उडाली. या काळात पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर यांच्याकडे येणारी कितीतरी यंत्रे अशाच कारणांनी अडलेली असत. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उतारे लिहायला सुरुवात केली आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. रहिमतपूरकडच्या या भावंडांची ती कंपनी दुरुस्तीच्या टेबलावर जन्मली, ही गोष्ट या इतिहासात ठळक लिहून ठेवावी अशी आहे.

नव्वदच्या दशकात बायोस अशा चिपमध्ये येऊ लागला, की जी सॉफ्टवेअरने पुन्हा लिहिता येई. सोय मोठी, पण दार उघडे. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला आणि त्याने डिस्कचा आरंभच नव्हे, तर अनेक यंत्रांचा बायोसही पुसून टाकला. चेर्नोबिलच्या दुर्घटनेचीही तारीख तीच, म्हणून त्याला चेर्नोबिल नाव पडले. अशा यंत्राला विरजणच उरले नव्हते. चिप काढून दुसरीकडे लिहून आणण्यावाचून इलाज नसे. त्याच वर्षांत आणखी एक शांत अडथळा येत होता. १९९९च्या मध्यापूर्वीचे काही अवॉर्ड बायोस ३३.८ जीबीहून मोठी डिस्क जोडली, की डिस्क शोधण्याच्या ओळीवर थिजत. कारण निव्वळ गणिती: १६ बिटांत मावणारे ६५,५३६ सिलिंडर, प्रत्येकी १६ हेड, प्रत्येक मागावर ६३ तुकडे आणि तुकड्यात ५१२ बाइट, यांचा गुणाकार तिथेच संपतो. डिस्कमध्ये काही दोष नसे. डिस्क बनवणाऱ्यांनी मग मागच्या बाजूला एक जंपर दिला. तो लावला, की मोठी डिस्क स्वतःला ३२ जीबीची म्हणवून घेई आणि जुने यंत्र पुढे सरके.

आमची डिस्क ४० जीबीची आणि बायोस त्यानंतरचा, म्हणून ही शंका नव्हती. तरी रीत म्हणून मी सीडी ड्राइव्हची केबल काढली, मग हार्ड डिस्कची. यूएसबीला लावलेले कार्ड रीडरही काढले. जुने बायोस त्यावरूनही बूट करू पाहतात आणि अडकतात. काहीच न जोडता यंत्र सुरू केले. सकाळी ते तरीही थिजले. विंडोजच्या थराची चौकशी इथेच संपली, कारण तिथपर्यंत वाट पोचतच नव्हती. आदल्या आठवड्यात मात्र मी त्यात दोन संध्याकाळी घालवल्या होत्या: एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जायचे, ड्रायव्हरांची नावे ओळीने उतरताना पाहायची आणि शेवटचे नाव टिपून घ्यायचे. विंडोज एक्सपीत ही यादी पुष्कळदा एमयूपी या नावाशी थांबते आणि लोक त्या फाइलवर आळ घेतात. खरे तर पडद्यावर शेवटी दिसते ते काम उरकलेल्याचे नाव. अडलेला त्याच्या पुढचा असतो आणि त्याचे नाव उमटलेलेच नसते.

आता उरला यंत्राचा देह. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, शेजाऱ्यांचा आणून लावून पाहिला; फरक नाही. सकाळच्या गारठ्यात अडणे आणि तासाभराच्या खटाटोपाने ऊब आल्यावर सुरू होणे, ही खूण मी उशिरा ध्यानात घेतली. टॉर्च धरून प्रोसेसरच्या शेजारी पाहिले, तर उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांपैकी चौघांची डोकी फुगलेली आणि एकाच्या माथ्यावर तपकिरी खपली. इथे आपल्याला संगणकाच्याही मागे, १८९६ सालात जावे लागते. कारोल पोलाक या पोलिश विद्युततज्ज्ञाने त्या वर्षी अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर द्रवाच्या साहाय्याने जमणाऱ्या अतिपातळ ऑक्साइडच्या थरावर आधारलेल्या कपॅसिटरचे पेटंट घेतले. त्याचा द्रव टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा होता. थर जितका पातळ, तितकी साठवण अधिक. तो थर टिकवायला द्रव योग्य लागतो, ही गोम तेव्हापासूनची. १९९९नंतरच्या काही वर्षांत तैवानमधल्या अनेक कारखान्यांनी पाण्याचे प्रमाण जास्त असलेला द्रव वापरला, पण अॅल्युमिनियमला पाण्यापासून वाचवणारी द्रव्ये त्यात पुरेशी नव्हती. आत हायड्रोजन साचे, डोके फुगे, शेवटी फुटे. २००२-०३च्या सुमारास घेतलेले जगभरचे मदरबोर्ड याला बळी पडले. द्रव आटला, की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, थंडीत आणखीच. प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज डळमळतो आणि यंत्र कुठल्याही ओळीवर थांबते. आमच्याकडे थांबण्याची जागा रोज बदलत होती, ती यामुळे.

नव्या यंत्रांत या साऱ्याचा बराच भाग नजरेआड गेला आहे. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या सर्व्हरांसाठी बायोसची जागा घेणारी नवी रचना सुरू केली, २००५मध्ये तिच्यासाठी अनेक कंपन्यांचे मंडळ स्थापन झाले आणि आता यूईएफआय हे तिचे नाव बहुतेक लॅपटॉपांमध्ये आहे. पहिल्या तुकड्यावरचा आंधळा विश्वास गेला. सही तपासूनच पुढचा प्रोग्राम चालू देण्याची सोय आली. तरी इंटेल घराण्याचा प्रोसेसर वीज मिळताच १९७८च्या ८०८६सारखा, १६ बिटांच्या अवस्थेत जागा होतो आणि काही क्षणांत वयात येतो. ही अवस्था काढून टाकण्याचा प्रस्ताव इंटेलने २०२३मध्ये मांडला होता. २०२४ सरताना तो मागे घेतला.

तपकीर गल्लीतून ६.३ व्होल्टचे, १,५०० मायक्रोफॅरडचे, १०५ अंशांचे सहा कपॅसिटर आणले. फुगलेले चारच होते, पण एकाच पेटीतले सोबती म्हणून उरलेले दोनही बदलायचे ठरवले. ऋण बाजूची पट्टी कुठे येते त्याचा फोटो काढून ठेवला आणि सोल्डरचे काम ओळखीच्या कारागिराकडून करून घेतले. मदरबोर्डच्या अनेक थरांतून कथील वितळवणे हे घरच्या साध्या सोल्डरिंग आयर्नचे काम नव्हे. जानेवारीत, पहाटे नऊ अंश तापमान असताना, बटण दाबले. एक आखूड बीप, मेमरीचा आकडा, डिस्कचे नाव, निळी पट्टी. अण्णा शाल पांघरून शेजारी बसले होते. पहिली फाइल गावातल्या बारवेविषयीची निघाली. आता रोज सकाळी ते जुन्या पडद्यावरून वाचतात आणि मी ते नव्या यंत्रावर युनिकोडमध्ये उतरवून घेतो. काल आम्ही बाविसाव्या पानावर पोचलो.